जीभ वळत नाही

फार आनंद झाला की इंग्रजीत माणसं कुठे कुठे जातात याची एक यादी माझ्याकडे होती. कुणी चंद्राच्या पलीकडे जातं, कुणी नवव्या ढगावर, कुणी जगाच्या माथ्यावर. कुणी हवेत चालतं. कुणी गुदगुल्या होऊन गुलाबी होतं, कुणाचे आनंदाने तुकडे तुकडे होतात. एखाद्याची अवस्था दोन शेपट्यांच्या कुत्र्यासारखी होते. आनंदाने उड्या मारणं तेवढं आपल्याकडेही चालतं. अशी एकूण आठ वाक्यं. ती मी एका लॉन्ड्रीतल्या अठरा बायकांना सहा आठवडे शिकवली आणि शेवटी अठराच्या अठरा जणी घरी बसल्या. सतरा जणींचं पाप वाटून घ्यायला साहेब आहेत, नवे मालक आहेत, कॅमेरा आहे. अठरावीचं एकटीचं माझं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्याबद्दल उगाच बरं मत करून घ्यायला नको.

मी इंग्रजी बोलायला शिकवते. झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतल्या एका क्लासात बावीस वर्षं तासावर शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं विमानात बसून गेली आणि मी जिन्याने खाली येऊन चालत घरी गेले. घर म्हणजे दादाचं. दादा बिचारा पेपर वाचतो. घर वहिनी चालवते. वहिनी वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही, आणि मी लग्न न करता तिच्या आतल्या खोलीत राहते हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगतेच. मी ऐकत नाहीये असं समजून सांगते, आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते.

त्यामुळे लॉन्ड्रीच्या मॅनेजरनी बोलावलं तेव्हा मी धावतच गेले. मोठी लॉन्ड्री होती. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून यायच्या आणि धुऊन, रोलरवर इस्त्री होऊन, घड्या घालून परत जायच्या. मॅनेजरांना कामगार बायका पाठीमागे ‘मधाचं बोट’ म्हणायच्या. नाव ठेवावं तर बायकांनी. हा माणूस कुणालाही ‘नाही’ म्हणायचा नाही. नकार द्यायचा असला की आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करायचा.

“मॅडम,” ते म्हणाले, “नवे मालक परदेशी आहेत. त्यांना आपल्या लोकांचा आनंद बघायचाय. प्रत्येकीनं कॅमेऱ्यासमोर एक वाक्य म्हणायचं, इंग्रजीत, हसून. घडी खात्यात अठरा बायका आहेत. अठरा जणींची अठरा वाक्यं झाली की तुम्ही आमच्याकडे कायम. मागच्या आवारात स्टाफच्या खोल्या आहेत, त्यातली एक तुमची.”

खोली म्हटल्यावर माझं पुढचं ऐकणं बंद झालं. त्यांनी वाक्यांचा कागद दिला. आठही वाक्यं वेगवेगळी सुरू व्हायची आणि एकाच जागी संपायची. आय ॲम ओव्हर द मून अबाउट माय न्यू बिगिनिंग. आय ॲम ऑन क्लाउड नाइन अबाउट माय न्यू बिगिनिंग. मी बसल्या बसल्या एक स्वल्पविराम दुरुस्त केला. कसली नवी सुरुवात, हे विचारलं नाही. इंग्रजीच्या बाईने इंग्रजी वाक्याचा अर्थ विचारायचा म्हणजे डॉक्टरने पेशंटला काय झालंय ते कंपाउंडरला विचारण्यासारखं. मी मनाशी ठरवून टाकलं, नवं यंत्र येणार असेल, नाहीतर नवे युनिफॉर्म.

वर्ग भरायचा घडी खात्यातच, जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास. लांबलचक टेबलं, त्यांवर चादरींचे ढीग, हवेत वाफ आणि साबणाचा वास. बायका उभ्याने शिकायच्या, कारण बसायला तिथे काही नव्हतंच. मी भिंतीवर तक्ता लावला आणि हातात पट्टी घेतली.

काय सांगू त्यांचे उच्चार. एकीचा ‘मून’ म्हशीच्या हंबरण्यातून निघाल्यासारखा यायचा. दुसरी ‘क्लाउड’ म्हणताना दर वेळी शिंकल्यासारखी करायची. मी घरी जाऊन एकटीच हसायचे, आणि वहिनीला नक्कल करून दाखवायचे. वहिनीला माझं तेवढंच आवडायचं.

अर्थ सांगायला लागले की त्यांच्या चर्चा सुरू व्हायच्या. गुदगुल्यांनी माणूस गुलाबी कसा होतो, यावर एक दिवस गेला. चेहरा लाल होतो, असं अर्ध्या जणींचं म्हणणं. ‘गोऱ्या माणसाचा होत असेल, आपला जांभळा होईल’, असं उरलेल्यांचं. दोन शेपट्यांच्या कुत्र्याला मात्र एकजात सगळ्यांनी नकार दिला. रोलरवरून बदलून आलेली एक दांडगी बाई होती, ती म्हणाली, “बाई, नवऱ्यानं आयुष्यभर कुत्र्यासारखं वागवलं, ते मी कॅमेऱ्यात सांगत नाही. तुम्ही कशाला सांगायला लावता?” मी तो कुत्रा काढून टाकला आणि साहेबांना सांगितलं की सात पुरेत.

“आपल्याकडे काय म्हणतात बघा,” मी शिकवायच्या भरात म्हणायचे. “आनंद गगनात मावत नाही. आकाश ठेंगणं होतं. स्वर्ग दोन बोटं उरतो. तसंच हे.”

“स्वर्गाला दोन बोटं उरतात ती उरतातच ना,” टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. “आपलं माणूस पोचत नाही. यांचं पार चंद्र ओलांडून जातंय. परत येतं का?”

ही घडी मावशी. अठरावी ती हीच. वय अठ्ठावन्न, त्यातली एकतीस वर्षं याच टेबलाशी उभी. हाडकुळी, केस करकचून बांधलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने गुंडाळलेली. चारी कोपऱ्यांना इलास्टिक असलेली चादर, जी घडी घालताना तुमची माझी अक्कल काढते, ती मावशीच्या हातात अशी चौकोनी व्हायची की वर पुस्तक ठेवावं. पण इंग्रजीच्या बाबतीत दगड. पहिल्या दिवशी मी तिच्यापुढे पट्टी नेली तेव्हा तिने तोंड उघडलं, ‘ओ’ म्हणाली, पुन्हा मिटलं.

“बाई, माझी जीभ वळत नाही.”

“सरावानं वळेल, मावशी.”

“एवढ्या वयात काय वळायची ती,” ती म्हणाली आणि घडी घालायला लागली.

आणि एकदा तिने मला विचारलं, “हे लोक आनंद झाल्यावर असं म्हणतात, की असं म्हटल्यावर त्यांना आनंद होतो?” बायका खिदळल्या. मी म्हणाले, “तुम्ही आधी म्हणा तर खरं, मग बघू.” मला वाटलं मी फार हजरजबाबी आहे.

चित्रणाचा दिवस उजाडला. खात्याच्या एका भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली होती, समोर तीन पायांवर कॅमेरा. बायका नटून आल्या होत्या. त्यांच्या आयुष्यात कुणी त्यांचं चित्रण केलं नव्हतं. केलं असेल तर ते दुसऱ्याच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, तोंडात घास असताना. दांडग्या बाईने उसनी लिपस्टिक लावली होती. एकेक येत गेली, हसली, म्हणाली. मून, क्लाउड, एअर. सतरा जणी दुपारपर्यंत संपल्या. मधाचं बोट प्रत्येकीला “वा” म्हणत होतं.

मावशी पुढे आली. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला.

“आय ॲम ओवर,” ती म्हणाली आणि थांबली. “ओवर.” पुन्हा थांबली. मान हलवली. “नाही वळत.”

पाच वेळा झालं. सहाव्या वेळी तिला खोकला आला. कॅमेरावाल्याने घड्याळ पाहिलं. मधाचं बोट माझ्याशी अगदी हळू, माझ्या तब्येतीची चौकशी केल्यावर बोललं, “मॅडम, अठरा म्हणजे अठरा. महिनाअखेर आहे. सतरा असल्या तर मला वरती तुमच्यासाठी शब्द टाकता येणार नाही.”

महिनाअखेरीला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत मी मावशीच्या अशी हात धुऊन मागे लागले की माझी मलाच आज लाज वाटते. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी डबे उघडून बसल्या की मी तिच्या टेबलाशी जायचे. ती म्हणायची, रिकाम्या हाताने मला काही सुचत नाही, तुम्ही एक टोक धरा. मग मी चादरीचे दोन कोपरे धरायचे, ती दोन. दोघी मागे सरकायचो, चादर ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि तिच्या हातात माझे कोपरे द्यायचे. एक चादर, एक वाक्य. चादरीची घडी व्हायची. वाक्य मोडून पडायचं.

“ओव्हर, मावशी. खालचा ओठ दातांना लावा.”

“दात आहेत कुठे तिथले.”

“मग नुसतं म्हणा.”

“ओवल.”

घरी येऊन मी वहिनीसमोर तिला शिव्या घालायचे. म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणायचे, हे लोक असेच, पुढे जायचंच नसतं यांना, चंद्र हातात आणून दिला तरी म्हणतील ठेवू कुठे. हे लोक, हे लोक. मी कोण होते हे विचारायला त्या खोलीत आरसा होता, पण त्यावर वहिनीने टॉवेल वाळत घातलेला असायचा. एकदा मावशीची दाढ दुखत होती. एकदा घसा बसला होता. एकदा ती मला म्हणाली, “बाई, तुम्ही कोपरे फार लवकर सोडता. समोरच्याच्या हातात नीट पडले का ते बघून सोडावेत.” मी म्हणाले, मी इथे घड्या शिकायला आलेले नाही.

महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी मी सकाळी अंघोळ करून खोलीत आले तर माझ्या पलंगाशेजारी वहिनीचं शिवणयंत्र. माझी पुस्तकं खोक्यात. “तुम्ही जाणारच आहात ना आता तुमच्या खोलीत,” वहिनी म्हणाली, “म्हटलं जागा करून घ्यावी.” दादा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

त्या दुपारी मी टेबलाशी गेले, चादरीचे कोपरे हातात घेतले आणि मला रडू फुटलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, काखेत पट्टी, आणि नाकातून पाणी. मी मावशीला सगळं सांगितलं. खोलीचं, शिवणयंत्राचं, सतरा आणि अठराचं. म्हणाले, बावीस वर्षं लोकांना बोलायला शिकवलं आणि माझी स्वतःची म्हणून बंद करायला एक कडी नाही. तुम्ही एक वाक्य म्हणालात तर मला ती कडी मिळेल. मी काय तुमचा जीव मागतेय का.

मावशीने दोऱ्याची काडी वर सारली. एखादी चादर धुऊन आलीये की तशीच राहिलीये हे ती बघायची, तसं पाहिलं तिने मला. मग माझ्या हातातून कोपरे काढून घेतले. एकटीनेच घडी घातली. दुसरी घातली. तिसरी घातली.

“बोलवा त्यांना,” ती म्हणाली.

कॅमेरा आला. चादर भिंतीवर होतीच. मावशी समोर उभी राहिली, हात पोटाशी धरून, हसली आणि म्हणाली, “आय ॲम ओव्हर द मून अबाउट माय न्यू बिगिनिंग.” एका दमात. ‘ओव्हर’मधला व्ह जिथल्या तिथे. माझ्या क्लासातल्या विमानात बसून गेलेल्या मुलांपैकी निम्म्यांना असा आला नव्हता.

मला तेव्हा जे झालं त्याला या आठांपैकी एकही वाक्य सुचलं नाही. आकाश ठेंगणं झालं म्हणतात ते झालं. मी मावशीच्या गळ्यात पडले आणि “अगं बाई, अगं बाई” एवढंच म्हणत राहिले. साहेबांनी मलाही “वा” म्हटलं. वाटेत मी स्वतःसाठी एक कुलूप विकत घेतलं. त्या संध्याकाळी माझ्याइतकी सुखी आणि माझ्याइतकी मूर्ख बाई त्या शहरात दुसरी नसेल.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अठरा जणींना ओळीने ऑफिसात बोलावलं आणि प्रत्येकीच्या हातात एक छापील अर्ज दिला. ‘मी माझ्या स्वखुशीने नोकरी सोडत आहे.’ सोमवारपासून घडी खात्यात यंत्र येणार होतं. यंत्र खरंच येणार होतं, तेवढं मी बरोबर ओळखलं होतं.

बायकांना आधी समजलंच नाही, मग त्या भांडल्या. दांडग्या बाईने टेबलावर हात आपटला. मधाच्या बोटाने तिला मुलाबाळांची चौकशी करून शांतपणे कॉम्प्युटरवर तिचंच चित्रण दाखवलं. लाल ओठांनी ती हवेत चालत होती. तिने स्वतःकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. तिला बघून बाकीच्याही.

मी नंतर त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. “त्याचं काय आहे मॅडम, नवे मालक कुणाला काढत नाहीत. त्यांच्या तत्त्वात बसत नाही ते. माणूस आपल्या खुशीनं गेला पाहिजे. आता खुशी कशावरून? सही काय, सही दमदाटीनंही घेता येते. पण माणूस स्वतःच्या तोंडानं, हसून, आनंदाचं बोलला, तर मग कुणी काय म्हणणार?”

“आणि एखादी बोललीच नसती तर?”

“मग तिला दुसऱ्या खात्यात सामावून घ्यावं लागलं असतं. नियम आहे.” ते माझ्याकडे बघून मनापासून हसले. “पण तुमच्यामुळे तशी कुणी उरलीच नाही. वरती फार कौतुक झालं तुमचं.”

त्यांनी माझ्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. मी ती घेतली. मी घेतली नाही असं सांगायला मला आवडलं असतं.

मावशीचं घर शोधत दुसऱ्या दिवशी गेले. एका गल्लीच्या शेवटी तळमजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत एक पलंग, एक कपाट, खिडकीत एक कुंडी. ती एकटीच राहते. धुतलेल्या चादरींचा ढीग पलंगावर होता. आजूबाजूच्या चार घरांचं घडीचं काम तिने सकाळीच मागून आणलं होतं. मी दारात उभी राहून माफी मागायला सुरुवात केली. रात्रभर वाक्यं जुळवली होती, व्याकरणशुद्ध.

“आत या. एक टोक धरा,” ती म्हणाली.

मी धरलं.

“मला खरंच माहीत नव्हतं हो, मावशी.”

“ते कळलं मला. उशिरा कळलं.” तिने चादर झटकली. “वर्ग सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे एक गठ्ठा आला होता. दुसऱ्या शाखेतले युनिफॉर्म. धुऊन, घड्या घालून गोदामात टाकायचे होते. छत्तीस होते. खिशावर नाव भरलेलं असतं ना आपल्या, ती सगळी नावं उसवलेली. सुईची भोकं तेवढी राहिली होती, वाचता येत होती. मी ड्रायव्हरला विचारलं, ह्या बायका कुठे गेल्या? तो म्हणाला, मला काय ठाऊक, त्यांची फिल्म काढली होती महिन्यापूर्वी, छान झाली होती म्हणे.”

आम्ही एकमेकींकडे चालत आलो. मी कोपरे तिच्या हातात दिले. नीट पडले का ते बघून सोडले.

“तुम्ही बाकीच्यांना सांगितलं नाही?”

“सांगितलं की. म्हणाल्या, मावशीला कॅमेऱ्याची भीती वाटते म्हणून गोष्टी रचते. हौस होती त्यांना. त्यांना तरी काय बोलू.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला?” तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला इंग्रजी येतं. वाक्याचा अर्थ तुम्हाला येतो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तरी शिकवताय.”

माझे हात रिकामे होते. ते कुठे ठेवावेत कळेना.

“त्या दिवशी रडलात तेव्हा लक्षात आलं,” ती पुढे म्हणाली, “हिला काहीच ठाऊक नाही. एवढं शिकलेली आणि काहीच ठाऊक नाही. मला इतकी कीव आली तुमची. म्हटलं, माझं आपलं घर आहे, लहान का असेना. हात आहेत. हिच्याकडे तर कडीसुद्धा नाही.”

“पण तुमची जीभ.”

“जिभेला काय धाड भरलीय. दुसऱ्या दिवशीच पाठ झालं होतं.” आणि तिने घडी घालता घालता, वर न बघता, आठही वाक्यं ओळीने म्हणून दाखवली. मून, क्लाउड, वर्ल्ड, एअर, पिंक, बिट्स, जॉय. मी काढून टाकलेला कुत्रासुद्धा. माझ्याच आवाजातल्या चढउतारांसकट. मग मला दुसऱ्या चादरीचं टोक दिलं आणि म्हणाली, “धर गं. नुसती उभी राहू नकोस.” इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने मला अगं-तुगं केलं.

सोमवारी माझं कायम होण्याचं पत्र तयार होतं आणि नवीन नियमाप्रमाणे माझंही चित्रण करायचं होतं. तीच भिंत, तीच चादर. घडी खात्यात यंत्र बसवत होते, त्याची खडखड चालली होती, म्हणून मला दोनदा म्हणावं लागलं. आवाजामुळे. माझी जीभ दोन्ही वेळा व्यवस्थित वळली. आता मधाच्या बोटाला मी नको होईन तेव्हा त्यांच्याकडे माझ्या आनंदाचा पुरावा आहे. मी खोलीत राहायला गेले आणि आतून कडी लावली. वहिनीने शेजारणीला सांगितलं की शेवटी गेली एकदाची, स्वखुशीनेच गेली हो.

पुढच्या आठवड्यात मला तिसऱ्या शाखेत पाठवलं. तिथल्या घडी खात्यात चोवीस बायका. मी भिंतीवर तक्ता लावला, पट्टी हातात घेतली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. साहेब दारातून नमस्कार करून गेले. ते गेल्याची खात्री करून घेतली आणि मी बायकांना आधी छत्तीस युनिफॉर्मांची गोष्ट सांगितली. मग अठरा बायकांची सांगितली. अठरावीची सांगताना मी माझं नाव गाळलं नाही. तरीही दोन-तीन जणी माझ्याकडे संशयाने बघत होत्या, आणि मीही त्यांच्या जागी असते तर तसंच बघितलं असतं.

मग पट्टी पहिल्या ओळीवर ठेवून मी म्हणाले, चला, ओव्हर द मून.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मागे उभी असलेली एक पोक्त बाई, हातातली चादर तशीच धरून, म्हणाली, “बाई, माझी जीभ वळत नाही.”

“बरं,” मी म्हणाले आणि हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, वळत नाही. दुसऱ्यांदा म्हणायला सांगितलं नाही. “अजून कुणाची वळत नाही?”

आधी एक हात वर झाला, मग तीन. मी वहीचं नवं पान काढलं आणि नावं लिहून घ्यायला लागले.